उशीची साक्ष : ग्रेट झिंबाब्वे, १८९१

१८९१ च्या जूनमध्ये थिओडोर बेंट, त्याची बायको मेबल आणि सर्वेक्षक रॉबर्ट स्वान बैलगाड्यांनी आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या ग्रेट झिंबाब्वे या दगडी अवशेषांपाशी पोचले. खर्चाचा भार तिघांनी उचलला होता: रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी, ब्रिटिश असोसिएशन आणि सेसिल ऱ्होड्सची ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी. प्रश्न एकच होता. चुना-माती न लावता रचलेल्या या दगडी भिंती बांधल्या कोणी? दोनेक महिने खणून, मोजमापं घेऊन, वस्तू गोळा करून मंडळी परतली आणि पुढच्याच वर्षी बेंटचं पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. त्याचं उत्तर असं: इथल्या लोकांनी नव्हे, उत्तरेकडून, बहुधा अरबस्तानातून आलेल्या एका प्राचीन वंशानं.

या उत्तरासाठी त्यानं बऱ्याच साक्षी गोळा केल्या. शंकूच्या आकाराचा बुरूज, तसाच बुरूज असलेलं फिनिशियातलं (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापारी मुलखातलं) एक नाणं, शंखजिऱ्यात कोरलेले पक्षी, स्वाननं सूर्याच्या दिशांवरून मांडलेली गणितं. या भारदस्त मंडळींच्या शेजारी एक साधी घरगुती वस्तूही होती: तिथेच राहणाऱ्या शोना लोकांची लाकडी उशी. तिच्यासारख्याच उश्या इजिप्तच्या थडग्यांत सापडतात, म्हणून बेंटला ती बोलकी वाटली. बुरूज, नाणं, पक्षी यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. उशीकडे त्या मानानं कमी लोकांनी पाहिलं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यात जास्त स्वच्छ दिसतं.

वस्तू

शोना भाषेत तिला मुत्सागो म्हणतात. एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेली. जोडकाम नाही, खिळा नाही. हत्यार म्हणजे म्बेझो, आपल्याकडच्या तासणीसारखं, आणि बारीक कामाला सुरी. उंची बहुतेक वेळा बारा ते पंधरा सेंटिमीटर, लांबी वीतभर. वर किंचित खोलगट पट्टी, तिच्यावर मान किंवा कानामागचा भाग टेकायचा. पट्टीच्या दोन्ही टोकांना त्रिकोणांच्या, नागमोडी रेघांच्या रांगा कोरलेल्या. खाली बैठक, वरून पाहिली तर दोन गोल पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्या जिथे जुळतात तिथे समोर-मागे एक छोटा त्रिकोण पुढे आलेला.

खरं कसब मधल्या भागात. तिथे साधा खांब नसतो. एक चपटा पडदा असतो, त्यावर एकात एक अशी वर्तुळं कोरलेली, सहसा जोडीजोडीनं, आणि त्यांना जोडणारे तिरपे पट्टे. कधी लाकूड आरपार कापून पडदा इतका नाजूक केलेला असतो की माणसाच्या डोक्याचं ओझं हा रोज कसं पेलत असेल असा प्रश्न पडावा. वापरातली उशी ओळखू येते ती वरच्या पट्टीवरून: डोक्याचं तेल आणि घाम मुरून मधला भाग काळपट, गुळगुळीत झालेला असतो, आणि टोकांची नक्षी मात्र शाबूत.

ही उशी पुरुषाची. वापरण्याचं उघड कारण केसांचं. तासन्‌तास बसून घातलेली केशरचना जमिनीवर डोकं टेकलं की एका रात्रीत मोडणार. कठीण उशीवर मान टेकली की केस अधांतरी राहतात, आणि गरम हवेत मानेखालून वाराही खेळतो. पण एवढ्यावर थांबलं तर वस्तू अर्धीच समजते. शोना समजुतीप्रमाणे झोपलेला माणूस स्वप्नात आपल्या वाडवडिलांकडे, म्हणजे वाड्झिमूंकडे जातो. विल्यम ड्यूई या अभ्यासकानं शोना उश्यांवर काम करताना नेमका हाच धागा पकडला: मुत्सागोवर झोपलेला माणूस पूर्वजांच्या भेटीला गेलेला असतो. म्हणून मालक गेल्यावर उशी कधी त्याच्याबरोबर पुरली जाई, कधी वारसाकडे जाई. ज्यांच्या अंगात पूर्वज येतात त्या स्विकिरोंकडे अशा उश्या जपून ठेवलेल्या असत.

बेंटचा तर्क

बेंट काही भामटा नव्हता. ग्रीसच्या सायक्लेडीस बेटांवर त्यानं उत्खनन केलं होतं, १८८९ मध्ये बहारीनमधले दफनाचे ढिगारे उकरले होते. नजर तयार होती, पण ती भूमध्य समुद्राच्या काठावर तयार झालेली. आफ्रिकेच्या दक्षिणेत त्याला जे जे दिसलं, त्याला त्यानं ओळखीच्या वस्तूंच्या यादीत जागा शोधून दिली.

उशीच्या बाबतीत यादी समृद्धच होती. इजिप्तमध्ये अशा उश्या जुन्या राज्याच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकापासून सापडतात: सपाट बैठक, मधे खांब, वर चंद्रकोरीसारखी खोबण. लाकडाच्या, दगडाच्या, हस्तिदंताच्या. मृताबरोबर ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहातला, म्हणजे मृतांच्या ग्रंथातला १६६ वा मंत्र खास उशीसाठीच आहे. मृताचं डोकं धडापासून वेगळं होऊ नये, तो पुन्हा उठावा, अशी त्यात प्रार्थना. सगळ्यात प्रसिद्ध नमुने बेंटच्या मृत्यूनंतर पाव शतकानं, १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यातले. एका हस्तिदंती उशीत वायुदेव शू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वरची खोबण आभाळासारखी तोलून धरतो आणि दोन्ही बाजूंना सिंह. ममीच्या डोक्याशी एक चिमुकली लोखंडी उशीही निघाली, ताईत म्हणून ठेवलेली. तिचं लोखंड उल्केतून आलेलं आहे हे पुढे तपासणीत दिसलं. बेंटच्या हाती यातलं काही नव्हतं, पण युरोपातल्या संग्रहालयांत साध्या इजिप्शियन उश्या तोवर पुष्कळ आल्या होत्या.

तर त्याच्या डोक्यात साखळी जुळली: इजिप्तमध्ये अशी उशी, मशोनालँडमध्ये, म्हणजे शोना लोकांच्या मुलखात अशी उशी, मधे कोणीतरी ती आणली असणार, ज्यांनी उशी आणली तेच भिंतींचे धनी. राहिले इथले लोक. ते त्या जुन्या संस्कृतीचे उष्टे अवशेष सांभाळणारे.

या साखळीची प्रत्येक कडी कच्ची आहे. अंतर बघा. कैरो ते ग्रेट झिंबाब्वे सरळ रेघेत साडेपाच हजार किलोमीटर. काळ बघा: तुतनखामुन इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात मेला, आणि बेंटच्या हातातली उशी कोणाच्या तरी झोपडीत १८९१ मध्ये वापरात होती. सगळ्यात मोठी मेख आकारातच आहे. मान टेकायला वर खोबण हवी, डुलू नये म्हणून खाली रुंद बैठक हवी, उंची मिळावी म्हणून मधे आधार हवा. या तीन गरजा पुऱ्या करायला बसलं की जगात कुठेही साधारण हाच आकार निघतो. जपानी बायका अंबाडा सांभाळायला ताकामाकुरा वापरत, फिजीत कठीण लाकडाची काली होती, चीनमध्ये सोंग काळात चिनीमातीच्या उश्या भाजल्या जात. त्यांचा नाईलशी संबंध जोडायला कोणी जात नाही.

जे समोर होतं

मला या प्रकरणात बेंटचा चुकीचा निष्कर्ष तितकासा खटकत नाही. १८९१ मध्ये अनेकांनी तोच काढला असता. खटकतं ते हे की योग्य उत्तराचा पुरावा त्यानं स्वतःच, आपल्या हातानं टिपून ठेवला होता.

रस्त्यानं लागणाऱ्या वस्त्यांत तो रेंगाळायचा. लोखंड गाळायच्या भट्ट्या त्यानं पाहिल्या. त्यांना स्त्रीच्या शरीराचा आकार दिलेला असे, पुढे मातीचे स्तन, पोटावर रेघांचे व्रण. हीच स्तन आणि चरे यांची नक्षी त्याला धान्याच्या कणग्यांवर दिसली, ढोलांवर दिसली, लोकांच्या अंगावरच्या गोंदणवजा व्रणांत दिसली. त्यानं त्या नक्षीला नावही दिलं आणि पुस्तकात ती पुनःपुन्हा नोंदवली. म्हणजे भट्टी, कणगी, ढोल, कातडी या सगळ्यांवरून एकच जिवंत नक्षीभाषा फिरते आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं.

आता मुत्सागो परत हातात घ्या. पडद्यावरची जोडीची वर्तुळं, टोकांवरच्या रेघांच्या रांगा, खालच्या दोन पाकळ्या आणि मधला त्रिकोण. दक्षिण आफ्रिकेतल्या कलाइतिहासकार अनिट्रा नेटलटन यांनी शोना उश्यांचा बारकाईनं अभ्यास करून मांडलं की ही सगळी मिळून स्त्रीदेहाची खूण आहे, डोकं वगळून. डोकं झोपणारा स्वतः पुरवतो. वंश ज्या बाईमधून पुढे चालतो तिच्या देहावर डोकं ठेवून पुरुष आपल्या वंशातल्या गेलेल्यांना भेटायला जातो. हा अर्थ तंतोतंत सगळीकडे लागू होतो असं मी म्हणणार नाही. वर्तुळांत कोणी न्दोरो, म्हणजे मानाच्या माणसानं गळ्यात घालायचा शंखाचा गोल तुकडाही पाहतात. पण दोन्ही अर्थ इथलेच आहेत. शू देव आणि सिंह यांची इथे कुठेच गरज पडत नाही.

आणि भिंत. ग्रेट झिंबाब्वेच्या मोठ्या आवाराची बाहेरची भिंत परिघानं सुमारे २५० मीटर, काही ठिकाणी ११ मीटर उंच. तिच्या माथ्याशी एका बाजूला दगड तिरपे बसवून नागमोडी पट्टा काढलेला आहे, दोन ओळींचा. तशीच नागमोड शंखजिऱ्याच्या वस्तूंवर, तशीच उश्यांच्या टोकांवर. एका नागमोडीवरून नातं सिद्ध होत नाही, हे खरं. पण साम्यच मोजायचं ठरलं तर साडेपाच हजार किलोमीटरवरच्या खोबणीपेक्षा शेजारच्या भिंतीवरची नागमोड जास्त वजनाची नको का?

केसांची साक्ष तर बेंटच्या आधी तीनशे वर्षं कागदावर होती. जुआंव दुश सांतुश हा पोर्तुगीज डोमिनिकन पाद्री १५८६ पासून काही वर्षं सोफाळा (आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरचं बंदर) आणि झांबेझी नदीच्या मुलखात राहिला. त्याचं वर्णन १६०९ मध्ये एव्होरा इथे छापलं गेलं (तो स्वतः पुढे गोव्यात वारला). या प्रदेशातले पुरुष केस पिळून, बांधून त्यांची शिंगं कशी उभी करतात हे त्यानं मोठ्या कौतुकानं लिहिलं आहे. असली शिंगं डोक्यावर घेऊन जमिनीवर डोकं टेकून कोण झोपेल! उंच उशीची गरज इथे, याच डोक्यांवर तयार झालेली होती. ती बाहेरून आणायला फिनिशियन जहाजांची वाट पाहावी लागत नव्हती.

उत्तर कोणाला हवं होतं

बेंटच्या मोहिमेला पैसा देणाऱ्यांत ऱ्होड्सची कंपनी होती, आणि तिची तुकडी आदल्याच वर्षी, १८९० मध्ये मशोनालँडमध्ये घुसली होती. बाहेरून आलेल्या एका प्रगत वंशानं इथे पूर्वीही राज्य केलं होतं, असं ठरलं तर नव्या पाहुण्यांचं येणं घुसखोरी राहत नाही, वारसा होतो. बेंटला कोणी तसं लिहायला सांगितलं असं मला म्हणायचं नाही. सांगावं लागलंच नाही.

पुढे १९०२ ते १९०४ या काळात रिचर्ड हॉल या माणसाकडे अवशेषांची देखभाल आली. प्राचीन परक्यांचे थर मोकळे करायचे म्हणून त्यानं वरचे आफ्रिकी वस्तीचे थर कित्येक फूट खोल उपसून फेकून दिले. उत्तर ठरलेलं असलं की पुरावा कचरा ठरतो. त्या मातीत काय काय गेलं असेल याचा विचार न केलेला बरा.

शोना आणि शेजारच्या न्देबेले लोकांनी १८९६-९७ मध्ये कंपनीच्या राजवटीविरुद्ध उठाव केला, पहिला चिमुरेंगा, म्हणजे मुक्तीचा लढा. त्यात पूर्वजांच्या नावानं बोलणारे स्विकिरो पुढे होते. नेहांडा या पूर्वजाची स्विकिरो चार्वे आणि कागुवी या पूर्वजाचा स्विकिरो या दोघांना १८९८ मध्ये फाशी दिली गेली. ज्या पूर्वजांच्या भेटीला शोना माणूस मुत्सागोवर डोकं ठेवून जायचा, त्यांचा इथल्या राजकारणात किती जीव होता हे बेंटच्या पुस्तकानंतर पाचसहा वर्षांत सगळ्यांना कळलं. पुस्तकाच्या निष्कर्षात त्या पूर्वजांना जागा नाही. तिथे उशी आहे, तीही इजिप्तकडे तोंड करून.

दोन इजिप्तवाले

१९०५ मध्ये ब्रिटिश असोसिएशननं डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरला पाठवलं. हा फ्लिंडर्स पेट्री या नामवंत पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली इजिप्तमध्ये, अबायडोसला काम केलेला माणूस. इजिप्शियन वस्तू त्यानं काचेतून नव्हे, मातीतून निघताना पाहिलेल्या. त्याला इथे इजिप्त दिसलं नाही. भिंतींच्या आतली मातीची घरं, भांडी, हत्यारं सगळी आफ्रिकी घडणीची, असं त्यानं लिहिलं, आणि बाहेरून आलेल्या मालावरून काळ मध्ययुगीन ठरवला. वसाहतीतले गोरे लोक खवळले. हॉल तर त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहून मोकळा झाला.

वाद मिटेना म्हणून १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन आली. बरोबर कॅथलीन केनयन आणि डोरोथी नोरी. तिघीही बायका, त्या काळात ही बातमीच होती. केटन-थॉम्प्सनही इजिप्तमध्ये, फायूमला वर्षानुवर्षं खणून आलेली. हॉलनं न उपसलेली जागा शोधून तिनं थर सुटे केले, शंकूच्या बुरुजाखाली बोगदा घातला, भिंतींखाली सापडलेले काचेचे मणी तपासून घेतले. त्या मण्यांतले काही भारताकडच्या मण्यांशी जुळणारे निघाले. आपल्या किनाऱ्यावरून तिकडे माल जात होता, माणसं भिंती बांधायला जात नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. तिचा निष्कर्ष रँडल-मॅकआयव्हरचाच: मूळ आफ्रिकी, काळ मध्ययुगीन. आज मुख्य बांधकाम अकराव्या ते पंधराव्या शतकातलं मानतात आणि ते शोना लोकांच्या पूर्वजांचं धरतात.

इजिप्तशी नातं सांगणारा बेंट इजिप्तचा जाणकार नव्हता, आणि ज्यांना इजिप्त खरोखर ठाऊक होतं त्या दोघांनी ते नातं झटकून टाकलं. वस्तू जवळून ओळखणाऱ्याला फरक आधी दिसतात. लांबून ओळखणाऱ्याला साम्यं.

तरी हे भूत उतरायला आणखी अर्धं शतक गेलं. तेव्हा ऱ्होडेशिया म्हटल्या जाणाऱ्या या देशात इयान स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारच्या काळात सरकारी प्रकाशनांनी बांधकामाचं श्रेय आफ्रिकी लोकांना ठामपणे देऊ नये असा दबाव होता. स्मारकांचा अधिकारी असलेला पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक त्यापायी १९७० मध्ये देश सोडून गेला. १९८० मध्ये स्वातंत्र्य आलं आणि देशानं नावच या भिंतींचं घेतलं.

उलटी साक्ष

बेंटनं आणलेल्या उश्या १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाल्या आणि तिथेच आहेत. त्यांच्यावरून फिनिशियनांची कहाणी आता कोणी सांगत नाही. पण साम्याचं प्रकरण बंद झालेलं नाही, त्याची फक्त दिशा फिरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्त हीच मुळात आफ्रिकी संस्कृती, असं मांडणाऱ्यांनी लाकडी उशी पुन्हा साक्षीला बोलावली. नाईलपासून खाली पाहत जा: सोमाली गुराख्यांची बारीक गुंतवळीच्या नक्षीची उशी, दक्षिण इथिओपियातली ओरोमोंची, केनियातल्या तुर्कानांची एकिचोलोंग, जिच्यावर मातीनं लिंपलेली आणि शहामृगाची पिसं खोवलेली केशरचना रात्रभर सांभाळली जाई. काँगोतल्या लुबा कारागिरांच्या उश्यांत केसांच्या पायऱ्या पाडलेल्या स्त्रिया डोक्यावर पट्टी तोलतात. ती खरी केशरचना पुरी व्हायला पन्नासेक तास लागत म्हणे. खाली दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंची इसिग्कीकी, नवरीबरोबर सासरी जाणारी. एवढा अखंड पट्टा आणि वरच्या टोकाला इजिप्त. मग हे एकाच खंडाचं जुनं सामाईक धन का मानू नये?

बेंटच्या तर्कापेक्षा हा तर्क बरा आहे, कारण मधल्या जागा रिकाम्या नाहीत. ईशान्य आफ्रिकेपुरता तर तो मला पटण्याजोगा वाटतो. नाईलचं खोरं आणि आफ्रिकेच्या शिंगाचा प्रदेश, म्हणजे सोमालिया-इथिओपियाकडचा भाग, यांची ये-जा पुरातन आहे. पण मुत्सागोपर्यंत तो ताणायचा म्हटलं की जुनीच अडचण. आज ज्या उश्या रांगेत मांडून दाखवतात त्या बहुतेक गेल्या दीडशे वर्षांतल्या. लाकूड झिंबाब्वेच्या मातीत टिकत नाही. वाळवी आणि पावसाळे मिळून सगळं संपवतात, आणि दगडी भिंतींच्या काळातल्या लाकडी सामानातलं अगदीच थोडं हाती लागतं.

सहाराच्या दक्षिणेला जुन्या लाकडी उश्या मोठ्या संख्येनं मिळाल्या त्या भलतीकडेच, पश्चिमेला. मालीतल्या बांदियागारा कड्यातल्या उंच, कोरड्या गुहांत तेलेम लोक आपले मृत ठेवत. १९६० आणि ७० च्या दशकांत डच पथकानं तिथे काम केलं तेव्हा कापडांबरोबर, हाडांबरोबर लाकडी उश्याही निघाल्या, सर्वांत जुन्या अकराव्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे ग्रेट झिंबाब्वेला वस्ती वाढत होती त्याच सुमाराच्या. पण त्यांचा घाट मुत्सागोचा नाही. वर्तुळांचा पडदा नाही, पाकळ्यांची बैठक नाही. मुत्सागोचा पूर्वज शोधायचाच असेल तर तो झांबेझी आणि लिंपोपो यांच्या मधल्या एखाद्या कोरड्या कपारीत शोधावा लागेल, कैरोच्या संग्रहालयात नाही.